आर्च लिनक्स हाताने बसवलं तर कॉम्प्युटर खरंच कळतो का?

डिचोली_डीटीपी:

नमस्कार. डिचोलीच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, चवथीची पावतीपुस्तकं, नोकरीचे अर्ज, असली कामं. दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असते, श्रीलिपीत कीबोर्डकडे न बघता टाइप करते. पण बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत त्या डब्यात काय घडतं ते मला माहीत नाही, आणि हल्ली ते खटकायला लागलंय. काही बिघडलं की दुरुस्तीवाला मुलगा येतो, फॉरमॅट मारतो, पैसे घेतो आणि जातो. काय झालं होतं विचारलं तर "व्हायरस, मॅडम". माउस चालेना तेव्हाही व्हायरस, पंखा घरघरायला लागला तेव्हाही व्हायरस.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, मावशी, आर्च लिनक्स स्वतःच्या हाताने बसव, कॉम्प्युटर आपोआप कळेल. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी घालायची दुसरी सिस्टिम, आर्च तिचा एक प्रकार, असं तोच सांगतो. त्याचा मित्र म्हणतो आर्च कसलं, जेंटू घ्या, तिथे सगळं स्वतः कंपाइल करायचं, म्हणजे मूळ कोडपासून प्रोग्राम आपणच बनवायचे. तिसऱ्याला लिनक्स फ्रॉम स्क्रॅच सोडून बाकी सगळा पोरखेळ वाटतो.

पावसात लग्नं नाहीत, नाटकं नाहीत. पावतीपुस्तकांची घाई सुरू होईपर्यंत हातात वेळ आहे. माडीवर जुना टॉवर पडून आहे: पेंटियम ड्युअल कोर, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्डडिस्क. दुकानातल्या मशीनवर विंडोज १० आहे. त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ ते घेत नाही. म्हणून कधी वाटतं, एकदम त्याच्यावरच लिनक्स घालून मोकळं व्हावं.

हे करून खरंच काही कळतं, की मुलांना एकमेकांना दाखवायला बरं असतं? आणि या तिघांतलं कुठलं? इंग्रजी वाचते, पण सावकाश.


पर्वरीचा_पोर:

ताई, आर्चच्या आयएसओमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवर घालायच्या इन्स्टॉल फाइलमध्ये, २०२१ पासून आर्चइन्स्टॉल नावाचा प्रोग्राम येतो. तो प्रश्न विचारतो, आपण उत्तरं द्यायची, थोड्या वेळात डेस्कटॉप तयार. हाताने पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, पाडत बसायचे दिवस गेले. तेही नको असेल तर दुकानातल्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स घाला, म्हणजे मशीनच्या आत एक खोटं मशीन, आणि त्याच्या आत खेळा, काही बिघडत नाही.

माझा पण एक प्रश्न आहे, त्यासाठी वेगळा धागा काढत नाही. मी ड्युअल बूट केलंय, एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे. बोर्डावरची बॅटरी बदलली तरी तेच. का?


फोंड्याचा_सोल्डरवाला:

पात्रांव, ताईंनी डेस्कटॉप मागितलेला नाही. आत काय चालतं ते विचारलंय. आर्चइन्स्टॉल चांगलाच आहे, गिऱ्हाइकाच्या मशीनवर मीही तोच चालवतो, पण त्यांना हवं ते नेमकं तोच झाकून टाकतो.

तुझ्या घड्याळाचं आधी सांगतो. बोर्डावरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतो, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतो. फरक भारताच्या वेळेचा, म्हणून बरोबर साडेपाच तास. बॅटरीचे पैसे फुकट गेले. विंडोजलाही जागतिक वेळ वापरायला सांगता येतं, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, एक नोंद करावी लागते.

आता ताई. दुकानातल्या मशीनला हात लावू नका. श्रीलिपी, पेजमेकर, कोरलड्रॉ हे लिनक्ससाठी येत नाहीत, आणि तुमच्या पत्रिकांच्या जुन्या फाइली त्यांतच असणार. माडीवरचा टॉवर मात्र या कामाला झकास आहे. आर्चने ३२ बिटचा आधार २०१७ सालीच सोडला, पण पेंटियम ड्युअल कोर ६४ बिटचा असतो, काळजी नाही. दुरुस्तीसाठी माझ्याकडे येणाऱ्या जुन्या मशीनांपुढे तुमचे २ जीबी म्हणजे चैन. ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडल्या तर रडेल, शिकायला भरपूर आहे.

बसवून कळतं का? नुसत्या बसवण्याने नाही. गाईडमधल्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या तर संध्याकाळपर्यंत चालतं मशीन मिळेल आणि डोकं होतं तिथेच राहील. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं आर्च बसवल्याचे स्क्रीनशॉट दाखवतात. ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, डिस्कवर कुठे बसला विचारलं की छताकडे बघतात. प्रत्येक ओळीपाशी थांबून "ही गाळली तर काय होईल" असं विचारलंत तर मात्र तुम्ही मागताय ते सगळं मिळतं. कसं ते दोन जागी दाखवतो, बाकीचं तुम्ही काढाल.

पहिली जागा. तुमचं मशीन जुन्या बायोसचं असणार. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्राम. पेनड्राइव्हवरून चालू झाल्यावर सिस फोल्डरमध्ये फर्मवेअर, त्याच्या आत ईएफआय नावाचं फोल्डर आहे का बघा. नसेल तर ते बायोसने चालू झालंय. बायोसला फाइल, फोल्डर काही कळत नाही. तो हार्डडिस्कचा पहिला सेक्टर उचलतो आणि चालवतो. सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ प्रोग्रामला, ६४ पार्टिशनच्या तक्त्याला, शेवटचे २ ही डिस्क बूट होते एवढं सांगणाऱ्या खुणेला. तक्त्यात प्रत्येक पार्टिशनला १६ बाइट, म्हणून प्रायमरी पार्टिशनं चारच होतात. विंडोज ७ मध्ये पाचवं करू देत नव्हतं ते याच हिशेबाने. मग ४४६ बाइटमध्ये ग्रब मावतो कसा? मावतच नाही. तिथे फक्त पुढचा भाग कुठे आहे ते माहीत असलेला तुकडा असतो. तो पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या रिकाम्या जागेत असतो. पार्टिशनचा प्रोग्राम पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू करतो, त्यामुळे ही जागा मोकळी मिळते. ग्रब बसवताना सगळ्या डिस्कचं नाव द्यायचं, पार्टिशनचं नाही, ते का हे आता तुम्हालाच सांगता येईल.

दुसरी जागा मला सगळ्यात आवडते. ग्रबने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रॅममध्ये आणला. कर्नलला हार्डडिस्क वाचायची तर ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर ठेवलाय कुठे? त्याच हार्डडिस्कवर. आता? त्यावर इनिटरॅमएफएस नावाचा तोडगा आहे. प्रवासाला निघताना वरच्या पिशवीत ठेवलेल्या शिदोरीसारखं एक छोटं फाइलचं गाठोडं ग्रब कर्नलबरोबरच रॅममध्ये टाकतो. सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर त्यात असतात. कर्नल ते सोडतो, डिस्क ओळखतो, मग डिस्कवरची खरी रूट फाइलसिस्टिम, म्हणजे सगळ्या फोल्डरांचं मूळ, जोडतो आणि पहिला प्रोसेस सुरू करतो. आर्चमध्ये तो सिस्टमडी, त्याचा नंबर १. पुढचं सगळं, लॉगिन, नेटवर्क, प्रिंटर, त्या एकापासून. अपडेट करताना "इनिटरॅमएफएस इमेज बनवतोय" अशा ओळी पळताना दिसतील, तेव्हा हे आठवा.

बसवून झालं की मुद्दाम मोडा. त्यासाठी बसवतानाच होमचं, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइलींचं, पार्टिशन वेगळं ठेवा. चालू होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये असतं, आणि तिथे प्रत्येक पार्टिशनची यूयूआयडी, म्हणजे ओळखनंबर, लिहिलेली असते. डिस्कचं नाव न लिहिता हा लांबलचक नंबर का, तर पेनड्राइव्ह लावला की डिस्कांची नावं मागेपुढे होऊ शकतात. होमच्या ओळीतलं एक अक्षर बदला आणि मशीन परत चालू करा. दीड मिनिट वाट बघेल, मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागेल. तिथून दुरुस्त करा. पुढच्या वेळी पासवर्ड न देता पेनड्राइव्हवरून चालू करा, पार्टिशनं हाताने माउंट करा म्हणजे जोडा, आर्च-क्रूट कमांडने डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरा आणि तीच ओळ सुधारा. तुमचा तो व्हायरसवाला मुलगा ज्या वेळी फॉरमॅट मारतो, त्यातल्या कितीतरी वेळी एवढंच पुरलं असतं.

व्हर्च्युअलबॉक्स वाईट नाही. पण खऱ्या मशीनला खरा प्रिंटर आणि खरा पाऊस असतो.


जुना_सीडीवाला (मडगाव):

सोल्डरवाल्याशी सहमत. फक्त जेंटू आणि लिनक्स फ्रॉम स्क्रॅचबद्दल थोडं.

आम्ही लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर. इंटरनेट डायल-अप, फोन आला की लाइन तुटायची. पुढे २००० नंतरच्या काळात गोव्यातल्या शाळांना वापरलेले कॉम्प्युटर देऊन त्यांवर लिनक्स घालायचा गोवा स्कूल्स कॉम्प्युटर प्रोजेक्ट झाला. तेव्हा हे कोणाला शौक म्हणून सुचलं नव्हतं. मशीन जुनं, लायसन्सला पैसे नाहीत, म्हणून लिनक्स. आज मुलं हौसेने करतात ते त्या वेळी गरजेने चालायचं.

जेंटूत पॅकेज, म्हणजे बसवायचा प्रोग्राम, तुमच्या मशीनवर कंपाइल होतं आणि यूज फ्लॅग नावाच्या खुणा लावून त्यात काय हवं, काय नको ते ठरवता येतं. एका प्रोग्रामच्या मागे किती प्रोग्राम उभे असतात ते तिथे छान कळतं. पण २ जीबी रॅमच्या पेंटियमवर मोठा ब्राउझर कंपाइल करायचा म्हणजे शिक्षा. डिसेंबर २०२३ पासून त्यांनी तयार पॅकेजंही भरपूर द्यायला सुरुवात केली, त्यामुळे अगदी अशक्य नाही. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच खेरार्ड बेकमान्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलं. त्यात पॅकेज मॅनेजर, म्हणजे पॅकेजं उतरवून बसवणारा प्रोग्राम, नसतोच. आधी कंपायलर बांधायचा, त्या कंपायलरने परत कंपायलर बांधायचा. वेळ मिनिटांत देत नाहीत. बिनयुटिल्स नावाचं पॅकेज पहिल्यांदा बांधायला तुमच्या मशीनला जेवढा वेळ लागेल ते एक माप, आणि बाकीचं सगळं त्या मापात. कल्पना सुंदर आहे. पण ताई, हे पुढच्या पावसाळ्यात.

माझं मत विचाराल तर रोजच्या वापरासाठी डेबियन नावाचं लिनक्स, शिकण्यासाठी आर्च. दोन्ही एकाच मशीनवर कोंबू नका.


डिचोली_डीटीपी:

देव बरें करूं. टॉवर खाली आणला, धूळ काढली, बसवायला घेतलं. तो ४४६ बाइटवाला हिशेब वाचून भाच्याला प्रश्न केला, त्याला आला नाही. बरं वाटलं.

आता अडचणी. भाच्याने दिलेल्या पेनड्राइव्हवरून पॅकेज उतरवताना "सिग्नेचर इज अननोन ट्रस्ट" असं म्हणून थांबत होतं. त्याने सांगितलं, सही तपासणं बंद करून टाक. मी केलं नाही, आधी विचारू म्हटलं. नंतर त्यानेच नवीन आयएसओ दिला, त्यातून सरळ झालं. पण का झालं ते कळलं नाही.

दुसरं, लोकेलच्या, म्हणजे भाषा निवडायच्या, फाइलमध्ये मराठी सापडलं, आणि कोंकणीची पण ओळ आहे! मराठीची उघडली आणि तीच भाषा ठेवली. आता काळ्या स्क्रीनवर सगळे संदेश म्हणजे चौकोनच चौकोन. टर्मिनलला देवनागरी येत नाही का?

तिसरं, दुकानातला छोटा लेझर प्रिंटर लावून बघितला. कॉम्प्युटरला दिसतो, काम पाठवलं की "झालं" म्हणतो, कागद बाहेर येत नाही. हाच प्रिंटर विंडोजवर वर्षानुवर्षं मुकाट चालतोय.

आणि लाइट. रोज जाते. यूपीएसची बॅटरी कधीच मेली. अपडेट चालू असताना गेली तर?


फोंड्याचा_सोल्डरवाला:

सही तपासणं बंद केलं नाहीत, शाबास. आर्चचं प्रत्येक पॅकेज ते बनवणाऱ्याने डिजिटल सही करून दिलेलं असतं. कोणाच्या सह्या मानायच्या त्याची यादी एका कीरिंग पॅकेजमध्ये असते आणि ती आयएसओबरोबर येते. भाच्याचा पेनड्राइव्ह जुना. मधल्या काळात नवीन माणसं आली, जुन्यांच्या सहीच्या किल्ल्या बदलल्या, तुमच्या यादीला ते अनोळखी. आधी तेवढं कीरिंगचं पॅकेज ताजं केलं असतं तरी भागलं असतं. आयएसओ दर महिन्याच्या सुरुवातीला नवीन निघतो.

चौकोनांचं. ज्याला तुम्ही काळी स्क्रीन म्हणताय तो कर्नलचा स्वतःचा कन्सोल. त्याच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि त्याला अक्षरं जोडता येत नाहीत. "कि" बघा: फाइलमध्ये आधी क असतो, मग वेलांटी, पण दिसायला वेलांटी डावीकडे. ही उलटापालट, जोडाक्षरं, रफार, हे करणारा वेगळा प्रोग्राम असतो, हार्फबझ नावाचा. तो डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरबरोबर येतो, कन्सोलमध्ये नसतो. म्हणून सिस्टिमची भाषा इंग्रजी ठेवा, डेस्कटॉप बसवा, नोटो फाँट घाला आणि मराठी तिथे घ्या.

यातलं अर्धं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळेल. श्रीलिपीच्या जुन्या फाँटात म हे अक्षर म्हणून साठवलेलं नसतं, इंग्रजी अक्षराच्या कोडवर मचा आकार बसवलेला असतो. म्हणून ती फाइल फाँट नसलेल्या मशीनवर उघडली की हँडबिलाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये अक्षर साठवतात, आकार दाखवताना ठरतो. इंकस्केप या कोरलसारख्या, लिनक्सवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठीत एखादं हँडबिल करून बघा.

प्रिंटर. कुठला असेल त्याचा अंदाज आहे, आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसतो तो. त्या जातीच्या स्वस्त लेझर प्रिंटरांत स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, साठवून ठेवलेलं नसतं. वीज बंद केली की प्रिंटर सगळं विसरतो. प्रत्येक वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने त्याला फर्मवेअर पाठवायचं, मग तो छापायला तयार. विंडोजचा ड्रायव्हर हे न सांगता करतो. लिनक्सवर ते फर्मवेअर बहुतेकदा वेगळं उतरवावं लागतं, कारण ते कंपनीच्या मालकीचं असतं आणि मोकळ्या पॅकेजात घालता येत नाही. एकदा जागेवर ठेवलं की यूएसबीला प्रिंटर लागताच यूडेव्ह नावाचा प्रोग्राम ते पाहतो आणि नियमाप्रमाणे फर्मवेअर धाडून देतो. म्हणजे सध्या तुमचा कॉम्प्युटर कागदाचं चित्र पाठवतोय आणि पलीकडे ते घेणारं कोणी जागंच नाही. प्रिंटर लावताना डीमेसेग कमांड चालू ठेवा, कर्नल त्याला काय म्हणून ओळखतो ते दिसेल. मॉडेलचं नाव इथे लिहा, पॅकेज कुठलं ते सांगतो.

लाइटचं. अपडेटच्या मधोमध गेली तर अर्धवट लिहिलेला कर्नल किंवा रिकामी फाइल राहू शकते आणि मशीन उठत नाही. एक्स्टफोर या लिनक्सच्या फाइलसिस्टिमचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, फाइलसिस्टिम सावरतं, अर्धवट राहिलेलं अपडेट पुरं करत नाही. तेव्हा पेनड्राइव्ह, माउंट, आर्च-क्रूट, पूर्ण अपडेट परत. तुम्ही मुद्दाम मोडून हेच शिकलात तर त्या दिवशी घाबरणार नाही. शिवाय पॅकमनला, म्हणजे आर्चच्या पॅकेज मॅनेजरला, "उतरव, पण बसवू नको" असं सांगता येतं. रात्री उतरवून ठेवा, सकाळी लाइट स्थिर असली की बसवा. मग काम थोड्या वेळाचं उरतं. फक्त त्या मधल्या वेळात दुसरं कुठलं नवीन पॅकेज घालू नका. यादी ताजी झालेली आणि सिस्टिम जुनी, अशा अवस्थेत नवं पॅकेज आत आलं की लायब्ररींचे, म्हणजे प्रोग्रामांच्या सामायिक भागांचे, मेळ तुटतात. आर्च हे अर्धवट अपडेट मानतच नाही.

आणि यूपीएसची बॅटरी घ्या हो. डीटीपीचं दुकान आणि मेलेला यूपीएस!


पर्वरीचा_पोर:

घड्याळ जमलं. आणि मी काल एफएसटॅबमधलं एक अक्षर बदलून बघितलं. दीड मिनिट वाट बघितली, खरंच इमर्जन्सी मोड आला. पण पासवर्ड मागतच नाही, म्हणतो रूट अकाउंट लॉक आहे. आता?


फोंड्याचा_सोल्डरवाला:

म्हणजे बसवताना रूटला पासवर्डच दिला नव्हतास. आता पेनड्राइव्हवरून चालू कर. वरची दुसरी पद्धत तुझ्यासाठीच आहे. आत शिरलास की आधी पासवर्ड ठेव, मग ओळ सुधार.


जुना_सीडीवाला (मडगाव):

ताई, डेस्कटॉप घालणार असाल तर २ जीबीत हलका घ्या, एक्सएफसीई चालेल. माझ्याकडे जुन्या रॅमच्या पट्ट्या पडून आहेत, मडगावला फेरी झाली तर घेऊन जा. पण डबा उघडायच्या आधी तुमच्या बोर्डाला डीडीआर२ लागते की डीडीआर३ ते बघा, त्या काळात दोन्ही प्रकारचे बोर्ड होते आणि खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डीएमआयडीकोड नावाची कमांड रूट म्हणून चालवा, मेमरीच्या भागात प्रकार, वेग आणि किती स्लॉट रिकामे ते लिहिलेलं असतं. ते इथे टाका, मग मी पट्टी शोधून ठेवतो.